मोडलेल्या हाडाची नाइट शिफ्ट

आयटीवाल्याचा हात मोडणं काय असतं, ते आयटीवाल्यालाच विचारा. त्यात उजवा!

गेल्या पावसाळ्यात सुट्टीला घरी, माजरीला गेलो होतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे कोळसा खाणींचं गाव, नागपूरहून येताना वरोऱ्यानंतरचं जंक्शन. पाऊस पडला की इथे कोळशाच्या धुळीचा काळाकुट्ट, बुळबुळीत चिखल होतो. त्यावर बाबांची बाइक सटकली आणि पडताना सगळे करतात तेच मी केलं, हात टेकवला. अख्ख्या शरीराचा भार तळहातातून वर चढला आणि मनगटाजवळ रेडियस मोडलं. डॉक्टरांनी हाड ओढून जागेवर बसवलं, प्लास्टर केलं आणि म्हणाले, "निदान सहा आठवडे. आणि सिगरेट एकदम बंद." मला टेन्शन आलं ते सहा आठवड्यांचं. सिगरेटचं मनावरच घेतलं नाही.

बाबा भूमिगत खाणीत टिंबरमन होते. छताला लाकडी टेकू लावायचं काम. एक्स-रे खिडकीशी धरून म्हणाले, "हे तं आपल्या खाणीवानी दिसते बे." आणि ते चक्क बरोबर होतं! खाणीत सगळा कोळसा काढत नाहीत. मध्ये खांब सोडतात, त्यावर छत उभं राहतं. हाडाच्या टोकाशी तसंच असतं. बाहेर पातळ, टणक कवच आणि आत बारीक टेकूंची जाळी. भार जिथून जातो, तिथे टेकू दाट. हा फंडा युलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने 1892मध्येच मांडला होता.

फरक एवढाच, की हाडातली खाण चोवीस तास दुरुस्त होत असते. ऑस्टिओक्लास्ट पेशी म्हणजे पाडकामवाली गँग, ऑस्टिओब्लास्ट म्हणजे गवंडी. भिंतीतच अडकलेल्या ऑस्टिओसाइट पेशी सुपरवायझर, कुठे ताण येतोय याची खबर देणाऱ्या. वर्षाला सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा असा नवा होतो. मात्र तिशीच्या आसपास हाडांची कमाई संपते, नंतर हळूहळू खर्चच. (दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनो, वाचताय ना?)

आईचा भरवसा दुधावर. पण नुसतं कॅल्शियम म्हणजे हाड नव्हे. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा, क्षार विरघळतात आणि उरलेलं हाड रबरासारखं वाकतं. ते कोलॅजन. टणकपणा क्षारांचा, लवचीकपणा कोलॅजनचा, दोन्ही हवेत. आमच्याच जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते प्यायलं की हाड एक्स-रेत दाट दिसू शकतं, पण होतं ठिसूळ.

मोडल्यावर काय होतं? आधी रक्ताची गाठ. मग सूज. तिला आपण शिव्या घालतो, पण दुरुस्तीची हाक तीच देते. दोन-तीन आठवड्यांत फटीत कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो, मग त्यात क्षार भरून कच्चं हाड. मूळ आकारात कोरून काढायचं काम पुढे महिनोन् महिने चालतं. या सगळ्याला माल पुरवतं रक्त. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.

हे मला कळलं चौथ्या आठवड्यात. नव्या एक्स-रेत फट जवळपास तशीच! डॉक्टर म्हणाले, "सिगरेटमुळेच, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण ओढताय का?" मी "नाही" म्हणालो. बाबा शेजारीच बसले होते.

परतताना बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर गच्चीवरच्या कुंडीमागे लपवलेलं माझं पाकीट आणून समोर ठेवलं. "कामगार आत हायेत," म्हणाले, "अन् तू वरून हवा बंद करतं?"

मी पाकीट चुरगळलं. डाव्या हाताने, नीट जमलंही नाही.

प्लास्टर निघालं नवव्या आठवड्यात. मनगट अजून पूर्ण वळत नाही. फिजिओने स्पंजचा चेंडू दिलाय. दर रविवारी बाबांचा फोन येतो. ते फक्त चेंडूबद्दल विचारतात.