पेशीत दडलेल्या जिवाणूपर्यंत औषध

प्रयोगशाळेतल्या बशीत जेंटामायसिन टायफॉइडच्या जिवाणूला सहज मारते. रुग्णाला मात्र त्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे बशीतला निकाल कितीही चांगला असला तरी टायफॉइडच्या अहवालात हे औषध ‘परिणामकारक’ म्हणून नोंदवू नये, असा सूक्ष्मजीवशास्त्रातला दंडक आहे. कारण जिवाणूच्या मुक्कामात आहे. जंतू गिळून पचवणे हे ज्या महाभक्षक पेशींचे काम, त्यांच्याच पोटात तो बस्तान बसवतो.

गिळलेला जंतू आधी पेशीतल्या एका पिशवीत बंद होतो. ही पिशवी लायसोसोमला मिळाली की आम्ल आणि विकरे त्याचा निकाल लावतात. क्षयाचा जिवाणू ही भेटच होऊ देत नाही, टायफॉइडचा पिशवी आपल्या सोयीची करून घेतो, तर लिस्टेरिया ती फोडून थेट पेशीद्रवात उतरतो.

तिथवर जायचे तर औषधाला पेशीचे स्निग्ध पटल ओलांडावे लागते. जेंटामायसिन, अमिकासिन ही विद्युतभारित, पाण्यात विरघळणारी औषधे तिथेच अडतात. जी थोडी आत शिरतात ती लायसोसोममध्ये साठतात आणि आम्लामुळे निष्प्रभ होतात. अझिथ्रोमायसिन पेशीत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त साठते. टायफॉइडमध्ये ते वापरतात, त्यामागचे हे एक कारण.

न शिरणारे औषध आत धाडायचे, तर पेशीच्या गिळण्याच्या सवयीचाच फायदा घेता येतो. लायपोसोम हा मेदाचा सूक्ष्म गोळा. त्यात भरलेले औषध महाभक्षक पेशी आपणहून गिळतात. शिरेतून दिलेले असे गोळे यकृत आणि प्लीहेत गोळा होतात. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा जिवाणूचा नसून काळा आजाराच्या परजीवीचा आहे, पण तोही याच पेशींत राहतो. बिहारमधल्या चाचणीत साध्या अँफोटेरिसिनच्या दिवसाआड 15 मात्रांच्या तोडीचा गुण लायपोसोममधल्या एकाच मात्रेने दिला. ही चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली.

फुप्फुसाच्या रोगात औषध श्वासावाटे देता येते. क्षयाच्या भावकीतल्या मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटाच्या हट्टी संसर्गासाठी लायपोसोममधल्या अमिकासिनला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली. नेहमीच्या औषधांच्या जोडीला ते दिल्यावर सहा महिन्यांत 29 टक्के रुग्णांची थुंकी जंतुमुक्त झाली. केवळ नेहमीच्या औषधांवर हे प्रमाण 9 टक्के होते. आवाज बसणे, खोकला हे त्रास मात्र बऱ्याच जणांना झाले. म्हणजे फायदा खरा, पण तो सरसकट नाही.

याहून चतुर युक्ती जेनेन्टेकच्या संशोधकांनी 2015 मध्ये मांडली. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या भित्तीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला त्यांनी रिफामायसिन कुळातले औषध जोडले. जोडलेले असेपर्यंत ते निष्क्रिय असते. पेशी जिवाणू गिळते तेव्हा त्याच्या अंगावरचे हे जोडऔषधही आत जाते, आणि तिथली कॅथेप्सिन विकरे दुवा कापून औषध मोकळे करतात. उंदरांवरच्या प्रयोगांत ते व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरले.

क्षयाचे कोडे अधिक अवघड आहे. त्याच्या गाठींत रक्तपुरवठा तोकडा, मधला भाग मृत, आणि जिवाणू काही पेशींत तर काही बाहेर. पेशीने गिळलेला गोळा फक्त पहिल्यांपर्यंत पोचतो. बाकीच्यांसाठी नेहमीची औषधे द्यावीच लागतात.