एकादशीची रताळी : भाजायची सगळ्यांसाठी, पण बाळाची वाटी वेगळी

बेळगाव : आषाढी एकादशी असो की महाशिवरात्र, रताळ्यांशिवाय उपवास होत नाही. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या लाल मातीत हे पीक पूर्वापार घेतलं जातं. कन्नडमध्ये गेणसू, हिंदीत शकरकंद, तेलुगूत चिलगडदुंप. नाव कुठलंही असो, घरातल्या सगळ्यांना ते चालतं. मात्र सगळ्यांना एकाच पद्धतीनं देऊन चालत नाही.

मंद आच कशासाठी?
रताळं हळूहळू तापलं की त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते आणि गोडी वाढते. मोठ्या जाळावर साल करपते, आत कच्चं राहतं. मध्यम, सारख्या आकाराची रताळी निवडावीत. माती धुवून, पुसून, सालीसकट भाजावीत. चुलीत जाळ विझल्यावर गरम राखेत पुरली तरी चालतात. गॅसवर जाड तव्यावर झाकण ठेवून, अधूनमधून फिरवत ३० ते ४० मिनिटं, तर ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाऊण ते एक तास लागतो. सुरी आरपार सहज गेली की झालं.

बाळाला देताना
सहा महिने पूर्ण झाल्यावर, वरचं अन्न सुरू झालं की रताळं देता येतं. साल आणि करपलेला भाग काढून टाकावा, दोरे निवडावेत. आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घालून गुठळी न राहता कुस्करावं. पहिल्यांदा एक-दोन चमचे पुरे. मीठ, साखर, गूळ नको. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नको. त्यातून लहान बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. थोडं मोठं झालेल्या बाळालाही कडक फोडी देऊ नयेत, घशात अडकतात. बाळ बसलेलं असावं आणि जवळ कुणीतरी असावं.

नारिंगी गराच्या रताळ्यातून अ जीवनसत्त्व भरपूर मिळतं. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या लाल सालीच्या, पांढऱ्या गराच्या रताळ्यात ते फारच कमी असतं. त्यामुळे बाळाच्या जेवणात गाजर, भोपळा, पालेभाजीही हवी.

आजी-आजोबांना शुगर असेल तर
भाजलेल्या रताळ्यानं रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा लवकर वाढते. त्यांच्यासाठी एखादं वेगळं उकडावं, तेही बेताचंच. बाकीच्यांनी मीठ, तिखट, लिंबू लावून किंवा दुधात कुस्करून खुशाल खावं.

हे मात्र फेकाच
बुरशी आलेलं, काळं पडलेलं, कडू लागणारं रताळं कितीही भाजलं तरी त्यातले विषारी घटक जात नाहीत. 'तेवढाच भाग कापून' बाळाला देण्याची काटकसर करू नये. कच्ची रताळी फ्रिजमध्ये न ठेवता कोरड्या, हवेशीर जागी ठेवावीत. कुस्करलेलं उरलं तर झाकून फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावं. बाळाच्या उष्ट्या वाटीतलं मात्र पुन्हा देऊ नये.