पन्नास रोपे, एक वायसर आणि मुलांची समिती



या अंकात एका लहान शाळेतल्या मुलांच्या पर्यावरण समितीची ओळख करून द्यायची आहे. पण त्याआधी आपल्याला एक हिशेब देणे बाकी आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या देणगीतून नवापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत आम्ही पन्नास रोपे लावली. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक, चाळीसच्या आसपास मुले. ५ जूनच्या पर्यावरण दिनाला आपल्याकडे उन्हाळी सुट्टी असते, म्हणून शाळा उघडली त्या आठवड्यात कार्यक्रम ठेवला. फोटो निघाले. त्यातला एक याच पत्रकात छापूनही आला.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा गेले, तेव्हा तीन रोपे जिवंत होती. काही शेळ्यांनी खाल्ली, बाकीची मे महिन्यात वाळली. मी गुरुजींना जरा नाराजीनेच विचारले. ते काही बोलण्याआधी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, कुंपण नव्हतं. आणि सुट्टीत पाणी कोण घालणार, ते आम्हाला कोणी विचारलंच नाही."

तिचे बरोबर होते. रोपे कोणती, किती, कुठे आणि केव्हा, हे सगळे आम्ही मोठ्यांनी ठरवले होते. मुलांकडे फक्त रोप हातात धरून उभे राहण्याचे काम होते. त्या एका वाक्यानंतर आम्ही त्या शाळेत देणे थांबवले आणि विचारायला सुरुवात केली. तिथली मुलांची समिती अशी सुरू झाली.

ही कल्पना कुठून आली?

शाळेचा परिसर सुधारायचा तर निर्णयात मुले हवीत, हा विचार नवा नाही. १९९२ साली रिओ दी जानेरो येथे पृथ्वी परिषद झाली. त्यानंतर १९९४ मध्ये डेन्मार्क, जर्मनी, ग्रीस आणि ब्रिटन या देशांत ‘इको-स्कूल्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. आज तो जगातल्या अनेक देशांत चालतो. भारतात अहमदाबादची सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन ही संस्था तो चालवते. आपल्या पर्यावरण मंत्रालयाने २००१ मध्ये राष्ट्रीय हरित सेना सुरू केली आणि त्यातून शाळाशाळांत इको क्लब निघाले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तर मुलांनीच आपल्या शाळेची तपासणी करण्याची पद्धत बसवली. त्यात हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा असे सहा विषय असतात.

यामागे मुलांचा हक्कही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील बारावे कलम सांगते की मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांना आपले मत मांडता आले पाहिजे आणि त्या मताला त्यांच्या वयानुसार वजन दिले पाहिजे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

इको-स्कूल्समध्ये सात पायऱ्या सांगितल्या आहेत: समिती नेमणे, शाळेची पाहणी करणे, कामाचा आराखडा करणे, काम तपासत राहणे, त्याची अभ्यासाशी सांगड घालणे, गावाला सामील करून घेणे आणि शेवटी शाळेचा स्वतःचा नियम लिहिणे. वाचताना हे सारे मोठ्या शहरी शाळेचे वाटते. दोन खोल्यांच्या शाळेत ते कसे दिसते, ते पाहू.

समितीत कोण?

प्रत्येक वर्गातून एक मुलगा आणि एक मुलगी, अशी आठ मुले. त्यांची निवड चिठ्ठ्या टाकून होते. गुरुजींनी निवड केली की हुशार आणि बोलकी मुलेच येतात, आणि मागे बसणाऱ्यांना वाटते की हे आपले काम नव्हे. मुलांसोबत एक शिक्षक, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आणि शाळा व्यवस्थापन समितीतली एक पालक असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्यामुळे मुलांचा निर्णय मोठ्यांच्या समितीपर्यंत नेणारे माणूस बैठकीतच बसलेले असते.

पंधरा दिवसांतून एकदा बैठक होते. सुरुवातीच्या बैठकी मराठीत झाल्या आणि मुले गप्प बसून राहिली. मग मावशी मावचीत बोलू लागल्या, आणि पहिलीतल्या मुलालाही वाचा फुटली. आता बोलणे मावचीत आणि नोंद मराठीत, असे चालते.

आधी मोजणी, मग उपाय

सगळ्यात महत्त्वाची पायरी पाहणीची. लहान मुलांना "पर्यावरण वाचवा" सांगून काही हाती लागत नाही. डोळ्यांना दिसेल आणि बोटांवर मोजता येईल असे काम हवे. समितीने पाणी, कचरा, स्वयंपाकघर आणि अंगण वाटून घेतले.

पाण्याच्या गटाला टाकीचा एक नळ गळताना दिसला. तो कित्येक महिने तसाच गळत होता आणि आम्हा सगळ्यांना त्याची सवय झाली होती. मुलांनी खाली एक लिटरची बाटली लावली. ती वीस मिनिटांत भरली. म्हणजे तासाला तीन लिटर आणि दिवसरात्रीत बहात्तर लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर जवळजवळ पाच हंडे. ज्या घरांत आई उन्हाळ्यात लांबून हंडे वाहून आणते, त्या मुलांना पाच हंड्यांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

समितीची पहिली मागणी आली ती नळाच्या वायसरची. काही रुपयांचे काम! आम्ही पन्नास रोपे घेऊन गेलो होतो त्या दिवशीही तो नळ गळतच होता.

दुसरी मागणी कुंपणासाठी बांबूची. बांबू आम्ही दिले, पण कुंपण घातले ते पालकांनी, कारण ते काम त्यांना आमच्यापेक्षा चांगले येते. झाडांची जागा मुलांनी ठरवली: जेवणानंतर ताटे धुतात तिथून वाहणाऱ्या पाण्याच्या उताराला. मावशी भांडी राखेने घासतात, त्यामुळे ते पाणी झाडांना चालते. तिथे आता शेवगा, पपई आणि अळू आहे. सुट्टीत पाणी घालण्यासाठी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी आठवडे वाटून घेतले. या वेळी लावलेली झाडे फक्त बारा आहेत. त्यातली दहा हा उन्हाळा काढून उभी आहेत.

या परसबागेमुळे शाळेची भाजीची गरज पूर्ण भागत नाही. पोषण आहारात प्राथमिकच्या प्रत्येक मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी द्यायची असते, म्हणजे चाळीस मुलांना दोन किलो. एवढी बाग रोज दोन किलो देणार नाही. पण आठवड्यातून एखादा दिवस मुलांनी वाढवलेला शेवग्याचा पाला आमटीत पडतो, आणि त्या दिवशी ताटात काही उरत नाही, असे मावशी सांगतात.

अभ्यासाशी सांगड घालायला वेगळा तास लागला नाही. परिसर अभ्यासात पाणी, हवा आणि अन्न आहेच. गणितही अंगणात सापडते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शाळेचे छप्पर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद धरा. वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर साठ हजार लिटर पाणी पडते. चौथीच्या मुलांनी हा गुणाकार फळ्यावर केला आणि सगळे वर छपराकडे बघत राहिले.

दुकानदारीणबाईंचा प्रश्न

कचऱ्याच्या गटाने आठवडाभर अंगणातला कचरा वेगळा करून मोजला. सर्वांत जास्त निघाल्या कुरकुरे-वेफर्सच्या पुड्या आणि मोठ्यांनी टाकलेल्या गुटख्याच्या. या पुड्यांत प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. म्हणून भंगारवाला त्या घेत नाही आणि त्या कुजतही नाहीत. जाळल्या तर विषारी धूर होतो, आणि तो आधी मुलांच्याच नाकात जातो.

एक मुलगा म्हणाला, "शाळेजवळच्या दुकानातून पुड्या घ्यायच्याच नाहीत." सगळ्यांनी हात वर केले. एक मुलगी मात्र खाली बघत होती. ते दुकान तिच्या आईचे. वडील नाहीत, घर त्या दुकानावर चालते. ती हळूच म्हणाली, "मग आई काय विकणार?"

मला वाटले, आता गुरुजी मध्ये पडून विषय मिटवतील. ते गप्प राहिले, आणि त्यांनी तेच योग्य केले. मुलांनी पुढची बैठक दुकानासमोर घेतली आणि त्या बाईंनाच विचारले. ठरले असे की बरणीतले फुटाणे, शेंगदाणे आणि सुटी चिक्की कागदात बांधून द्यायची. हंगामात बोरे आणि करवंदेही ठेवायची. पुड्या बंद झालेल्या नाहीत, पण बरणीतला खाऊ आता दारात पुढे आहे आणि पुड्या मागे गेल्या आहेत. पर्यावरणाचा निर्णय कुणाच्या तरी चुलीवर जाऊन पडतो, हे त्या आठ मुलांना ज्या दिवशी कळले, तो दिवस मला झाडे लावण्यापेक्षा मोठा वाटतो.

नंतर गावातल्या मंडळीलाही मुलांचा निरोप आला: नाताळच्या प्रीतिभोजनाला थर्माकोलची ताटे नकोत. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर मार्च २०१८ पासून बंदी आहे, पण आपल्या सणाला ती चालूच होती. ज्या गावाभोवती पळस उभा आहे आणि म्हाताऱ्या बायांना पत्रावळी लावता येतात, तिथे बाजारातून ताटे का आणावी, या प्रश्नाला आम्हा कोणाकडे उत्तर नव्हते. त्या नाताळला पत्रावळी लागल्या आणि त्या लावणाऱ्या आजींना त्याचे पैसेही मिळाले.

जिथे सांभाळून पाऊल टाकावे लागते

सगळे सुरळीत झाले असे नाही. वेगळ्या केलेल्या पुड्यांची दोन पोती शाळेच्या मागे पडून आहेत. गावातून असा कचरा नेण्याची सोय नाही. मुले ती दर बैठकीत मोजतात आणि विचारतात. हा प्रश्न मोठ्यांनी, ग्रामपंचायतीच्या पातळीवर सोडवायचा आहे. मुलांनी तो पुढे ठेवला, एवढेच त्यांचे काम.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. समितीच्या नावाखाली मुलांना मजूर करणे फार सोपे असते. त्यातही मुलींच्या हाती झाडू आणि मुलांच्या हाती भाषणाचा कागद, असे सहज होऊन जाते. इथेही पहिल्या महिन्यात तसेच झाले. ते मावशींच्या लक्षात आले. आता कामाची पाळी भिंतीवर लिहिलेली असते आणि तीत मुलगा-मुलगी असा भेद नाही. काच, पत्रा आणि आग यांना मुलांनी हात लावायचा नाही. शौचालय साफ करणे ही कुणाला शिक्षा म्हणून द्यायची नाही.

सातवी पायरी, शाळेचा नियम, मुलांनी सर्वांत शेवटी लिहिला. मावचीत आणि मराठीत, तीन ओळींचा: नळ बंद करू, कचरा जाळणार नाही, झाड लावण्याआधी त्याला पाणी कोण घालणार ते ठरवू. तिसरी ओळ वाचताना मी थोडी ओशाळले.

आपण काय करावे?

आपल्यापैकी अनेकजण विचारतात, "या शाळांना काय पाठवू?" रोपे, कचरापेट्या, रंगीत फलक पाठवण्याची आपली इच्छा चांगली असते. माझी विनंती एवढीच की पाठवण्याआधी विचारावे. मुलांच्या समितीने मोजून, ठरवून जे मागितले आहे ते द्यावे, मग ते नळाच्या वायसरइतके लहान आणि फोटोत न दिसणारे का असेना. आणि जे दिले त्याचे वर्षभराने काय झाले, हे आम्हाला विचारावे. आमच्याकडून हा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.

आपल्या संडेस्कूलमध्ये किंवा वस्तीतल्या शाळेतही अशी समिती काढता येईल. त्याला पैसा लागत नाही. आठ मुले, एक वही, एक लिटरची बाटली आणि मुलांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत गप्प बसू शकणारे एक मोठे माणूस, एवढे पुरते.

या जूनमध्ये मी त्या शाळेत गेले तेव्हा हातात काही नव्हते. ‘कुंपण नव्हतं’ म्हणणारी ती मुलगी आता पुढच्या शाळेत गेली आहे, पण तिचा धाकटा भाऊ समितीत आहे. त्याने मला आधी नळ दाखवला, मग शेवगा, आणि मग ती दोन पोती. "ताई," तो म्हणाला, "हे कोण नेणार, ते विचारलंत का?"

विचारते आहे. आपणही माझ्याबरोबर विचारावे, म्हणून हे लिहिले.