सुराज्य की स्वराज्य? टर्क्स आणि केकोस बेटांचा प्रश्न

आज आधी नकाशा पाहू, मग राज्यघटना आणि शेवटी प्रवास. बहामा बेटांच्या आग्नेयेला आणि हैतीच्या उत्तरेला टर्क्स आणि केकोस हा द्वीपसमूह आहे. पर्यटनाच्या जाहिराती याला कॅरिबियन म्हणतात, पण काटेकोर बोलायचं तर ही बेटं अटलांटिक महासागरात आहेत. लहानमोठी मिळून चाळीसच्या आसपास, वस्ती मात्र मोजक्याच बेटांवर. टर्क्स आणि केकोस या दोन गटांमध्ये सुमारे ३५ किलोमीटर रुंदीची खोल सामुद्रधुनी आहे. राजधानी कॉकबर्न टाउन ही ग्रँड टर्कवर. पण पैसा, हॉटेलं आणि मुख्य विमानतळ प्रॉव्हिडेन्सियालिसवर.

जमीन चुनखडीची, पाऊस कमी. शेती फारशी नाही, मीठ मात्र भरपूर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्म्युडाचे लोक इथे मीठ गोळा करायला येऊ लागले. मिठागरांत राबले ते गुलाम. मेरी प्रिन्स ही त्यांतलीच एक. तिचं आत्मकथन १८३१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. खाऱ्या पाण्यात तासन् तास उभं राहून पाय कसे सडत, हे त्यातून जगाला कळलं.

आता राजकीय दर्जा. हा स्वतंत्र देश नाही आणि ब्रिटनचा भागही नाही. हा आहे ब्रिटनचा 'सागरापार प्रदेश'. १८७४ मध्ये ही बेटं जमैकाला जोडली गेली. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला, तेव्हा ती ब्रिटनकडेच राहिली. निवडून आलेलं विधिमंडळ आहे, प्रीमियर आहे. पण संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि अंतर्गत सुरक्षा लंडनने नेमलेल्या गव्हर्नरकडे.

खरी गोम इथे आहे. सरकारी जमिनींच्या व्यवहारांत भ्रष्टाचाराचे आरोप झाले, चौकशी आयोग बसला, आणि ऑगस्ट २००९ मध्ये लंडनने मंत्रिमंडळ व विधिमंडळ दोन्ही स्थगित केली. ज्यूरीपुढे खटला चालवून घेण्याचा घटनात्मक हक्कसुद्धा गेला! नोव्हेंबर २०१२ मध्ये निवडणूक झाली, तोवर कारभार गव्हर्नरचा.

आपल्या मराठीत सुराज्य आणि स्वराज्य असे दोन शब्द आहेत. तो भेद इथे उपयोगी पडतो. भ्रष्ट मंत्र्यांना आवरणं योग्यच. पण मंत्री चुकले म्हणून मतदाराचं मत का काढून घ्यायचं? उलट बाजूही ऐका: लहानशा समाजात सगळेच एकमेकांचे नातलग किंवा ओळखीचे, तिथे निःपक्ष चौकशी कोण करणार? मला वाटतं, बाहेरची चौकशी समर्थनीय ठरू शकते, विधिमंडळ बंद करणं नाही. कारण चूक सुधारण्याचा अधिकार हाच स्वराज्याचा गाभा. आणि अजून एक गुंता आहे बरं का: रहिवाशांपैकी मोठा भाग हैती आणि इतर देशांतून आलेला आहे, त्यांना मताधिकार नाही. मग 'स्व' म्हणजे नेमकं कोण?

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चलन अमेरिकन डॉलर, भाषा इंग्रजी, वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. २०१७ मध्ये 'इर्मा'ने इथे मोठं नुकसान केलं. भारतातून थेट विमान नाही. मायामीमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. बेटांचे प्रवेशनियम ब्रिटनहून वेगळे आहेत, निघण्यापूर्वी ते तपासा. आणि गेलात तर समुद्रकिनाऱ्याइतकाच वेळ ग्रँड टर्कच्या जुन्या मिठागरांना द्या.