मध्यरात्रीचे गाणे आणि सकाळचा सवाल

पनवेलला आमचा एक लहानसा अभ्यासवर्ग चालतो. पंधरावीस विद्यार्थी, दोनतीन शिक्षक, अधूनमधून येणारे काही कार्यकर्ते. बहुसंख्य बौद्ध. पण नगर-जालन्याकडून पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतली दोनचार मुलेही येतात. त्यांतल्या एकाने मागे विचारले, "सर, चर्चमध्ये आम्हाला सांगतात, खोटे बोलू नका आणि संकटातही आनंद करा. माझ्या आजोबांच्या पिढीपासून आम्ही ख्रिस्ती आहोत. मी खरे लिहिले तर अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. नातेवाईक म्हणतात, कागदावर हिंदू लाव आणि मोकळा हो. मी खरे लिहून नुकसान सोसायचे, आणि वर त्याचा आनंदही मानायचा काय?"

वर्गात हशा पिकला, पण तो फार वेळ टिकला नाही. हा प्रश्न आपल्या घरातलाही आहे, हे बौद्ध मुलांना लगेच उमगले. मी ख्रिस्ती नाही. तरीही या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे मला माझे काम वाटले. त्या दिवशी जे तुटक बोललो, तेच येथे जरा नीट मांडतो.

पहिली गोष्ट ही की, दुःखात आनंद माना हा उपदेश दलितांना नवा नाही. तो आपल्याला हजारो वर्षे ऐकवला गेला आहे. मागील जन्मीचे भोग आहेत, मुकाट भोगा, पुढचा जन्म बरा मिळेल. असा उपदेश करणाऱ्याच्या डोक्यावर कधी मैल्याची पाटी नसते. तेव्हा हाच उपदेश दुसऱ्या धर्माच्या पुस्तकातून आला म्हणून आपण तो डोळे मिटून स्वीकारावा, असे मुळीच नाही. कोणते दुःख, ते कोणी लादले, आणि आनंद कशाचा, हे तीन सवाल विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुःख दोन जातीचे असते. एक लादलेले. अस्पृश्यता, उपासमार, वेठ, अज्ञान. त्यात आनंद मानण्यासारखे काहीही नाही. ते नष्टच केले पाहिजे. दुसरे दुःख माणूस सत्याची बाजू घेतो म्हणून त्याच्या वाट्याला येते. नोकरी जाते, वाळीत टाकले जाते, डोकी फुटतात. ही किंमत असते, आणि किंमत देणाऱ्याला आपण ती कशासाठी देतो आहोत हे ठाऊक असते. बायबलच्या नव्या करारात पेत्राचे पहिले पत्र आहे. त्यात हा भेद अर्धवट का होईना, केलेला दिसतो. चोर किंवा खुनी म्हणून शिक्षा भोगण्यात भूषण नाही, पण आपले नाव न लपवल्यामुळे जे भोगावे लागते त्याची लाज बाळगू नये, असा त्याचा आशय. मात्र त्याच पत्रात घरगुती दासांना कठोर धन्याच्याही आज्ञेत राहायला सांगितले आहे. ते वाचताना आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. धर्मग्रंथ कोणाचाही असो, त्यातले शोषकाच्या सोयीचे वाक्य कोणते हे ओळखण्याचा अधिकार दलित वाचकाने सोडता कामा नये.

आता आनंदाकडे येऊ. ख्रिस्ती उपदेशक या बाबतीत हमखास पौलाचे नाव घेतात. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला बंदिवासातून पत्र लिहिले आणि चार छोट्या अध्यायांच्या त्या पत्रात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा आला आहे. पण त्याच फिलिप्पै शहरात पूर्वी काय घडले होते, ते फारसे कोणी सांगत नाही. ती हकीकत 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे.

त्या गावात एक दासी होती. तिच्या अंगात येई, ती भविष्य सांगे, आणि त्या कमाईवर तिचे धनी गब्बर होत. पौलाने तिला त्या पछाडण्यातून सोडवले. धन्यांची मिळकत बुडाली. त्यांनी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना ओढत चौकात नेले. मात्र मिळकत बुडाल्याची तक्रार त्यांनी केली नाही. हे परके यहुदी आपल्या गावाची रीत बिघडवतात, अशी तक्रार केली. गावाची रीत धोक्यात आली अशी हाकाटी होते, तेव्हा बहुधा कोणाची तरी मिळकत धोक्यात आलेली असते, हे आपल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. चौकशी न करता दोघांना छड्यांनी झोडपले, आतल्या कोठडीत टाकले आणि पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करीत होते, गाणी गात होते, आणि इतर कैदी ऐकत होते.

प्रवचन बहुधा येथे संपते. हकीकत मात्र पुढे चालते. भूकंप होऊन दारे उघडतात, पण हे दोघे पळत नाहीत. कैदी पळाले या समजुतीने तुरुंगाचा अधिकारी स्वतःवर तलवार चालवणार, तोच पौल त्याला थांबवतो. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप येतो की त्यांना सोडून द्या. साधा उपदेशक असता तर देवाचे आभार मानून चालू लागला असता. पौल हलत नाही. आम्ही रोमचे नागरिक आहोत. चौकशीवाचून आम्हाला चारचौघांत मारले, आणि आता गुपचूप घालवता काय? त्यांनी स्वतः यावे आणि आम्हाला बाहेर न्यावे, असे तो बजावतो. अधिकारी घाबरतात, स्वतः येतात, विनवण्या करतात.

म्हणजे मध्यरात्री गाणारा माणूस सकाळी हक्क मागतो. जो मानाने उभा राहणार आहे, तोच खोड्यात पाय असताना गाऊ शकतो. मार बरा लागला म्हणून ते गाणे नव्हते. मारणाऱ्याच्या हातात आपले मन गेले नाही, याचा तो आनंद होता. आणि या आनंदाने त्यांची न्यायाची मागणी बोथट केली नाही.

याच्याशी मिळतेजुळते काही पाहायचे तर पनवेलहून लांब जावे लागत नाही. महाड तेव्हा आपल्याच कुलाबा जिल्ह्यात. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि नंतर त्यांच्यावर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. बाबासाहेबांनी लोकांना आवरून धरले. पण माघार घेतली नाही. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. दिवाणी दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. महाडला पाणी पिणाऱ्यांच्या मनात आनंद नव्हता असे कोण म्हणेल? पण तो हक्क बजावण्याचा आनंद होता. सोसण्याचा नव्हता.

ख्रिस्ती प्रचारावर बाबासाहेबांनी घेतलेला मुख्य आक्षेप नेमका येथेच लागू पडतो. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी येशूच्या व्यक्तिमत्त्वाविषयी आदर दाखवला. पण शिकलेले ख्रिस्ती सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाहीत, हेही तोंडावर सांगितले. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवरील आपल्या लेखनात ते आणखी खोल जातात. अस्पृश्याची अवनती भोवतालच्या समाजरचनेने केली. ती रचना मोडा, असे त्याला सांगायला हवे होते. त्याऐवजी तुझी अवनती तुझ्या पापामुळे झाली असे सांगितले गेले. त्यामुळे त्याची सारी लढाई आत वळली, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा आक्षेप आजही खोडून काढता आलेला नाही. ज्याला दुःखातल्या आनंदाविषयी बोलायचे आहे, त्याने आधी त्याचे उत्तर द्यावे.

आता त्या विद्यार्थ्याच्या दाखल्याकडे येतो. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जात नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. त्यांना राखीव जागा नाहीत, राखीव मतदारसंघ नाही, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही नाही. आंध्र प्रदेशासारख्या काही राज्यांनी त्यांना मागासवर्गांत जागा दिली; पण अनुसूचित जातीचा दर्जा नाही.

बौद्ध वाचकांनी येथे आपली चौतीस वर्षे आठवावीत. १९५६ ची दीक्षा आणि १९९० ची दुरुस्ती यांमधला तो काळ. महाराष्ट्राने आपल्या कक्षेत बौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या दारात बौद्ध म्हणणे म्हणजे हक्क सोडणे होते. त्या काळात किती घरांत धर्म एक आणि कागद दुसरा असे झाले! ज्यांनी पोटासाठी जुने नाव लावले त्यांना मी अप्रामाणिक म्हणणार नाही. भुकेल्याला खोटे बोलायला भाग पाडणारा कायदाच आधी खोटा असतो. पण ज्यांनी जनगणनेत आणि शाळेच्या दाखल्यावर बौद्ध लिहिले आणि नुकसान सोसले, त्यांच्यामुळेच १९९० ची दुरुस्ती मागता आली. आपण लपून राहिलो असतो तर मागणी कोणाच्या नावाने केली असती?

ख्रिस्ती दलितांची लढाई न्यायालयातही गेली. सूसै नावाचे एक चर्मकार मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवीत. हिंदू चर्मकारांना सरकारने मोफत टपऱ्या दिल्या. सूसै यांना ख्रिस्ती म्हणून दिली नाही. त्यांचे हात तेच, आरी तीच, रस्ता तोच. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. धर्मांतरानंतरही तेवढ्याच तीव्रतेची अवहेलना भोगावी लागते हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर नाही, असे कारण दिले. २००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला गेला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाशी प्रतारणा आहे, असे म्हटले. म्हणजे खरे सांगितले तर हक्क नाही, आणि हक्कासाठी दुसरे सांगितले तर ठपका. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न या दोन भिंतींच्या मधोमध उभा आहे.

पण प्रामाणिकपणाची मागणी त्या एका पोरापाशीच का करावी? ती आधी चर्चपाशी करायला हवी. आमच्यात जात नाही असे व्यासपीठावरून सांगायचे आणि लग्न जुळवताना पूर्वीची जात पाहायची, तामिळनाडूत तर ख्रिस्ती दफनभूमीत भिंत घालायची, ही संस्थेची असत्ये आहेत. सूसै यांच्या खटल्यात पुराव्याची उणीव सांगितली गेली, तिचे एक मूळ या लपवाछपवीत नाही काय? २०१६ साली भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून चर्चमधील जातिभेद उघडपणे मान्य केला. उशिरा झाले, पण खरे बोलण्याची ती सुरुवात आहे.

खरे बोलण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. चौदा वर्षांच्या त्या मुलीने दुःख गोड करून सांगितले नाही. जसे होते तसे सांगितले, आणि ते करणाऱ्यांना जाब विचारला. ख्रिस्ती नियतकालिकाने ते छापले, हे त्या नियतकालिकाचे चांगले काम. संकटात धीर द्यायचा तर तो असा, पीडिताच्या तोंडून सत्य बाहेर येऊ देऊन.

आमच्या पनवेलात १८४९ साली बांधलेले बेने इस्रायलांचे बेथ एल सभागृह आहे. कोकणात या लोकांना शनवार तेली म्हणत. कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. गरिबाने आठवड्याचा एक दिवस घाणा बंद ठेवणे म्हणजे तेवढी मिळकत सोडणे. भोवतालच्या जातिव्यवस्थेने त्यांनाही सोडले नाही. त्यांच्यातही गोरे-काळे असा भेद शिरला. तरी त्या बंद घाण्याने त्यांचे नाव शतकानुशतके जपले. सत्याला रोजच्या व्यवहारात किंमत पडते, आणि ती दिली की माणसाला स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने घेता येते. दुःखातला आनंद मला समजतो तो एवढाच.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, बाबा, दाखल्यावर काय लिहावे हे मी तुला सांगणार नाही. तुझे नुकसान मी भरून देऊ शकत नाही. पण खरे लिहिलेस तर एकटा राहू नकोस. या वर्गातील बौद्ध मुलांनी १० ऑगस्टच्या निषेधाला तुझ्याबरोबर उभे राहिले पाहिजे, कारण त्यांच्या बापजाद्यांनी हीच वाट तुडवली आहे. आणि चर्चमध्ये कोणी मध्यरात्रीच्या गाण्याची गोष्ट सांगू लागले, तर त्यांना नम्रपणे विचार, सकाळी काय झाले, तेही सांगाल काय?

पुढच्या रविवारी त्याने ते विचारले, असे त्याने सांगितले. उत्तर काय मिळाले, हे मी विचारले नाही. त्या बैठकीला तो दोघा मित्रांना घेऊन आला होता.