वेदी विटाळली तर पुन्हा अभिषेक करतात का?

आजचा प्रश्न एका श्रोत्याचा: कॅथलिक चर्चच्या वेदीवर कुणी भलतंसलतं केलं, तर तिचा अभिषेक पुन्हा करावा लागतो का? मला आधी वाटलं, लागतच असणार. नियम वाचले तर उत्तर वेगळंच निघालं.

आधी बेसिक गोष्ट. वेदी म्हणजे जिच्यावर मिस्सा होते ती. नवीन वेदीला बिशप पवित्र तेल लावतात, तिच्यावर धूप जाळतात, मग मेणबत्त्या लागतात. त्यानंतर ती फक्त उपासनेसाठी.

आता १ जून २०२३ ची गोष्ट. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात एक माणूस कपडे काढून मुख्य वेदीवर चढला. ३ जूनला तिथे प्रायश्चित्ताचा विधी झाला. पुन्हा अभिषेक? नाही. १५९४ साली पोप क्लेमेंट आठवे यांनी केलेला अभिषेकच आजही चालू आहे.

कारण १९८३ च्या कॅनन लॉमध्ये दोन वेगळी कलमं आहेत. कलम १२११ म्हणतं, कृत्य गंभीर असेल, श्रद्धावान हादरले असतील आणि बिशपनाही तसं वाटलं, तर प्रायश्चित्ताचा विधी होईपर्यंत उपासना थांबवा. अभिषेक जातो तो कलम १२१२ मुळे: बराचसा भाग नष्ट झाला, किंवा ती जागा कायमची दुसऱ्या कामाला लावली तर. कलम १२३८ हाच नियम वेदीला लावतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर फोन हँग झाला म्हणून कुणी लगेच फॅक्टरी रिसेट मारत नाही.

मग २०२० मध्ये अमेरिकेत, लुईझियानातल्या पर्ल रिव्हर गावात काय झालं? तिथल्या फादरनाच दोन महिलांसोबत वेदीवर अश्लील शूटिंग करताना पकडलं. आर्चबिशप ग्रेगरी आयमंड यांनी ती वेदी काढून जाळायला लावली आणि नव्या वेदीचा अभिषेक केला.

नियमाने वेदी जाळायची सक्ती नव्हती. पण विचार करा. रोममध्ये वेदीवर चढणारा कुणी अनोळखी होता. इथे ज्याच्या हातून लोक दर रविवारी प्रसाद घ्यायचे, त्यानेच विश्वास मोडला. त्याच वेदीकडे बघून लोकांनी पुन्हा प्रार्थना कशी करायची?

म्हणजे एका माणसाच्या पापाने वेदीचा अभिषेक पुसला जात नाही. तुटतो तो लोकांचा विश्वास, आणि विधी असतो तो जोडण्यासाठी. कधी त्याला प्रायश्चित्त पुरतं, कधी नवीन वेदीच लागते.

पटलं का? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला!