परीस न सापडलेल्याचं घर

पॅरिसमध्ये र्‍यू द मोंमोरांसी या गल्लीत ५१ नंबरचं एक जुनं दगडी घर आहे. त्याच्यासमोर उभं राहून हमखास सांगितलं जातं, ‘निकोला फ्लामेल इथे राहायचा. त्याला परीस सापडला होता.’ हॅरी पॉटर वाचलेल्यांना तर हे नाव पाठच असतं.

घर त्याने बांधलं, एवढं खरं. राहायचा मात्र तो दुसरीकडे, सें-जाक-द-ला-बूशरी या चर्चच्या शेजारी. पेशाने लेखनिक; छापखाने नव्हते तेव्हा हाताने लिहिलेल्या पोथ्या आणि कागदपत्रं यांवर त्याचं चालायचं. मोंमोरांसीतलं घर त्याने १४०७ साली बांधलं ते इतरांसाठी. तळमजल्यावर भाड्याचे गाळे, वर कष्टकऱ्यांची बिऱ्हाडं. वर राहणाऱ्यांवर एक बंधन होतं आणि ते दर्शनी भिंतीवर चक्क कोरून ठेवलंय. या घरात राहणारे आम्ही कामकरी बायाबापडे रोज ‘पातेर नोस्तेर’ आणि ‘आवे मारिया’ या प्रार्थना एकेकदा म्हणून मेलेल्या पापी जीवांसाठी क्षमा मागू, असा त्याचा आशय. खालच्या दगडी खांबांवर वाद्यं वाजवणारे देवदूत आहेत आणि मालकाच्या नावाची आद्याक्षरंही. पुण्य करताना नाव कोरायला तेव्हाचे लोकही विसरत नसत!

भिंतीवरच्या आधुनिक पाटीवर त्याची बायको पर्नेल हिचंही नाव आहे. त्यामुळे दोघांनी मिळून घर बांधलं असं वाटतं. पण ती १३९७ मध्येच वारली होती. तिचा वाटा वेगळा. फ्लामेलशी लग्न करण्याआधी ती दोनदा विधवा झाली होती आणि तिच्याकडे पैसा होता.

किमयेची गोष्ट फार उशिरा आली. फ्लामेल १४१८ मध्ये गेला. त्याच्या नावावरचं किमयेचं पुस्तक छापून आलं १६१२ मध्ये. त्यात एक गूढ ग्रंथ आहे, स्पेनची यात्रा आहे आणि १३८२ साली पाऱ्याचं झालेलं सोनंही आहे. १७६१ मध्ये विलें या धर्मगुरूने चर्चच्या दप्तरातले जुने कागद चाळून या कथेवर आक्षेप घेतले. कागदांत दिसतो तो घरं घेणारा, भाडी वसूल करणारा आणि दानधर्म करणारा हिशेबी गृहस्थ. मला तरी हाच फ्लामेल जास्त आवडतो.

‘पॅरिसमधलं सर्वांत जुनं घर’ हा मान बरीच वर्षं र्‍यू व्होल्टावरच्या ३ नंबरच्या लाकडी सांगाड्याच्या घराला मिळत होता. ते १७व्या शतकातलं असल्याचं १९७९ मध्ये उघड झालं आणि मान ५१ नंबरकडे आला. अर्थात राहत्या घरांपुरताच. नोत्र दाम त्याहून कितीतरी जुनं आहे.

फ्लामेलच्या थडग्याची शिळा आज क्ल्यूनी संग्रहालयात आहे. वर येशू, दोन बाजूंना पीटर आणि पॉल, मध्ये सूर्य-चंद्र. सूर्य म्हणजे सोनं आणि चंद्र म्हणजे चांदी, असा अर्थ किमयावाल्यांनी लावला. त्या काळच्या ख्रिस्ती चित्रांत मात्र ही जोडी नेहमीच दिसते. खाली कुजू लागलेलं प्रेत कोरलंय. मधल्या ओळींत फ्लामेलचा उल्लेख लेखनिक असा आहे आणि हयातीत विकत घेतलेली घरं नि त्यांची उत्पन्नं चर्चला दिल्याची नोंद आहे.